दोन स्टेशनांच्या मधे

उन्हाळ्यात आमच्या अंगणात दोन गोष्टी वाळत असत, एक आंबापोळी आणि दुसरे रेडिओ. पहिली गोष्ट कोकणात कुणाच्याही अंगणात दिसेल, दुसरी फक्त आमच्याकडे. रत्नागिरीच्या बाजारातून मिरकरवाड्याच्या बंदराकडे जो रस्ता उतरतो त्यावर आमचं घर, आणि घराच्या पडवीतच अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ दुरुस्तीचं टेबल. बंदरावरच्या प्रत्येक लाँचवर एक ट्रान्झिस्टर असायचाच. गाण्यांसाठी नव्हे, गाणी ऐकायला खलाशांना फुरसत कुठली. दर्यावरच्या हवामानाची बातमी ऐकायला. हे रेडिओ खारा वारा खात, लाटेखाली भिजत, कधी सरळ समुद्रात पडत आणि जाळ्यातून मासळीबरोबर वर येत. असा रेडिओ आला की अण्णा तो खोलायचे आणि पहिलं काम म्हणजे विहिरीच्या गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवायचे. मालकाचा जीव खालीवर व्हायचा. "मीठ तेवढं जाऊ दे, पाण्याचं काय ते ऊन बघेल," असं म्हणून अण्णा तो उघडाबोडका रेडिओ आईच्या आंबापोळीच्या ताटांशेजारी चटईवर मांडायचे. आई कुरकुरायची, पण कावळे हाकलताना काठी दोघांवरूनही फिरवायची. एकदा रसाचं ताट उचलताना तिच्या हातून दोन थेंब एका रेडिओत सांडले. तिने कुणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी रेडिओचा मालक परत हजर. "मास्तर, बातम्या देताना हा माणूस मधेमधे शेंगदाणे का खातो?" अण्णांनी मागचं झाकण काढलं तर आत मुंग्यांची वरात चाललेली. आईने पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात जी गेली ती मालक जाईपर्यंत बाहेर आली नाही.

अण्णा आधी बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. मालवाहू बोट, इंजिनरूमच्या शेजारी बिऱ्हाड, अशी बारा वर्षं काढून ते घरी आले आणि टेबल मांडून बसले. ते शिकले कुठे, कोणाकडे, मला नीट सांगता येणार नाही. त्यांनाही सांगता आलं नसतं. शिकले एवढं खरं. आमच्या घराला दोन वास होते, तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाचा आणि डाग देताना जळणाऱ्या राळेचा. डाग देणं म्हणजे तापल्या इस्त्रीने कथील वितळवून तार चिकटवणं. आमच्याकडे इस्त्री म्हटलं की कपड्यांची नव्हे, पेनाएवढी ती डाग द्यायची इस्त्री. हे दोन वास एकमेकांत मिसळले म्हणजे दुपारचे साडेबारा झाले, अण्णा टेबलावरून उठणार, आणि मग आई पानं घेणार. आजही कुठे राळ जळल्याचा वास आला की मला भूक लागते. माझी लेक ह्यावर हसते. तिला हसू दे, तिच्या लहानपणाला कसला वास आहे ते तिने एकदा सांगावं.

मी सहावी-सातवीपासून त्या टेबलाशी. घरात मी एकुलती एक, त्यामुळे मुलीने हे करावं का ते करावं असा प्रश्न कुणाला पडायला वेळच मिळाला नाही. अण्णांची शिकवण्याची रीत म्हणजे आधी हात मागे बांधून उभं राहायचं. रेडिओ उघडायचा नाही, हलवायचा नाही, ऐकायचा. "स्टेशन काय, फुटक्या डब्यातसुद्धा लागेल," असं म्हणायचे. खरंच होतं ते, कारण रत्नागिरीचं केंद्र आमच्या डोक्यावर बसल्यासारखं जवळ, अर्धमेल्या रेडिओतही दणदणीत वाजायचं. तेव्हा अण्णा काटा फिरवून मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधे आणत, जिथे काहीच लागत नाही, आणि डोळे मिटत. निरोगी रेडिओ तिथे गप्प नसतो. तो बारीक सूं करतो, लांबच्या समुद्रासारखी. ती सूं आली म्हणजे रेडिओचा कान शाबूत आहे, लांबचं, बारीक, वाऱ्यावर येणारं तो पकडेल. सूं नसली तर समजायचं की जवळचं केंद्र वाजतंय ती सगळी फुशारकी, दर्यावर दहा मैल गेल्यावर हा मुका होणार. "सगळे स्टेशन ऐकतात, तू मधलं ऐक," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ते पाढ्यासारखं पाठ झालं. बाराव्या वर्षी मी पहिला रेडिओ एकटीने सूं वर आणला, तेव्हा अण्णांनी शाबासकी वगैरे दिली नाही. पुढचा रेडिओ माझ्याकडे सरकवला. त्याहून मोठं बक्षीस मला पुढे कुठल्याच कंपनीत मिळालेलं नाही.

मग कॉम्प्युटर आला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसा. मी कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करत होते तेव्हा बाजारात कापडाच्या एका दुकानावर पहिला क्लास निघाला. खोलीला एसी, दाराला काच, आणि चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातात तसं. आत तीन मशीनं, त्यांना फुलाफुलांची कापडी झाकणं. चार दिवसांत अख्ख्या गावात आईबापांच्या बोलण्यात एकच, आमची कॉम्प्युटर करते. मला कोणी विचारलं आणि मी सांगितलं की मी रेडिओ दुरुस्त करते, तर समोरचा माणूस काहीतरी दुःखद कळल्यासारखा गप्प व्हायचा. पण मला क्लासला घातलं ते गावाने नव्हे, अण्णांनी. स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून आले, चपला काढल्या, सरांना म्हणाले, "हिला हे शिकवा, दुसरं सगळं येतं तिला." घरी येताना मी रस्ताभर फुगलेली. अण्णा म्हणाले, "रुसू नकोस गो. ह्याच्यापुढे रेडिओ कोण उघडून बघणार आहे? बिघडला की फेकतील, नवा घेतील. मी गेलो की ह्या टेबलावर आई पापड लाटेल." मी म्हटलं, "लाटू दे की." ह्याला काही अर्थ नव्हता, पण राग आला की मी असंच काहीतरी बोलते, अजूनही.

आणि गंमत म्हणजे मला ते जमलं. चांगलं जमलं. हे कबूल करताना त्या वेळी माझा जीव जायचा. प्रोग्राम चुकला की मशीन स्वतःच पडद्यावर लिहून दाखवायचं, अमक्या ओळीत चूक आहे. मला हसू यायचं. रेडिओने कधी असं सांगितलं असतं का, की बाई गं, तिसऱ्या कॉइलच्या खालचा डाग कच्चा आहे? तिथे आपणच शोधायचं, हळूहळू, नाक-कान-बोटं सगळी कामाला लावून. सर मात्र खूष. "हिचं डोकं सरळ चालतं," असं ते अण्णांना म्हणाले. ते सरळ कसं चालायला लागलं हे त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

सकाळी कॉलेज आणि मग क्लास, असे तीन वाजायचे. साडेतीनला मी घरी, चहा, आणि चारला टेबलावर. तोवर अण्णांच्या कानांचं माझ्या लक्षात आलं होतं. बोटीवरच्या इंजिनाने त्यांचे कान आधीच अर्धे खाल्ले होते, बाकीचे वयाने खायला घेतले. आधी आईच्या हाका ऐकू येईनात, पण बायकोच्या हाका बऱ्याच नवऱ्यांना ऐकू येत नाहीत, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग आई हाक मारायची सोडून उजेडात येऊन उभी राहायला लागली. सावली पडली की ते वर बघायचे. ह्याच्यावर दोघं एक अक्षर बोलली नाहीत. मीही बोलले नाही. त्यांनी एखादा रेडिओ झाला म्हणून बाजूला ठेवला की मी "शिकायचंय" म्हणून काटा दोन स्टेशनांच्या मधे आणायचे आणि ऐकायचे. सूं नसेल तर काहीबाही निमित्त काढून परत उघडायचे, "मला हा डाग देऊन बघू दे ना." अण्णा म्हणायचे, "दे दे, हात बसू दे." मला वाटायचं ह्या घरात एवढं हुशार सोंग कोणी केलं नसेल. अण्णांना वाटायचं त्यांचं सोंग माझ्याहून चांगलं आहे. मला फक्त एक कोडं कधी पडलं नाही, जे पडायला हवं होतं: बंदरावरून रेडिओ येत ते नेहमी चार वाजल्यानंतरच का येत.

दिवाळी झाली आणि पुण्याहून एका कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं, सरांनी परस्पर अर्ज पाठवला होता. अण्णा इतके खूष झाले की त्यांनी एसटीत बसवायला येताना माझी पिशवीही मला उचलू दिली नाही. मुलाखत घेणारे गृहस्थ सभ्य होते. प्रोग्रामबद्दल विचारलं, मी सांगितलं, त्यांना पटलं. मग माझ्या अर्जावरच्या एका ओळीवर त्यांनी पेन टेकवलं. रेडिओ व ॲम्प्लिफायर दुरुस्ती, अनुभव आठ वर्षे. "हे काय?" मी मोठ्या उत्साहाने सांगायला लागले. ते हसले, वाईट नाही, एखाद्या लहान मुलीने दात पडल्याचं सांगावं तसं कौतुकाने. म्हणाले, "ते इथे नाही हो लागायचं. पुढच्या वेळी काढून टाका ही ओळ, अर्ज उगाच जुनाट दिसतो." मी हो म्हटलं. मला आजही त्या हो ची लाज वाटते. आणि ती ओळ मी पुढच्या प्रत्येक अर्जातून काढली, हे तर आणखी. अगदी अलीकडे, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना, आमच्या कंपनीने कारखान्यात बसवलेल्या एका मशीनचे आकडे पडद्यावर थरथरत होते. तीन हुशार पोरांनी महिनाभर खपून ती थरथर गाळून टाकणारा प्रोग्राम लिहिला. मी एकदा सहज तिथे गेले, मशीनच्या मागे हात घातला, अर्थिंगची तार सुटी होती ती घट्ट केली. थरथर थांबली. त्या वर्षी बढती मिळाली ती प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांना. मला एका पोराने विचारलं, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "ऐकलं." त्याला वाटलं मी कुणाकडून तरी ऐकलं.

तर मुलाखत. मी दोन दिवस पुण्यात होते आणि परतीच्या एसटीत असतानाच दर्या उठला. घाट उतरताना झाडं आडवी होत होती. घरी पोचले तर आई दारातच. "युसूफ तांडेलची लाँच आली नाही," ती म्हणाली. युसूफचाचा अण्णांच्या वयाचे, त्यांच्या लाँचचे मालकही तेच आणि तांडेलही, सुकाणू तेच धरायचे. आमच्याकडे ईदला खीर त्यांच्याकडून यायची आणि दिवाळीला करंज्या आमच्याकडून जायच्या. बाकीच्या सगळ्या लाँचींनी दुपारची बातमी ऐकली होती आणि वादळाआधी दाभोळच्या खाडीत शिरल्या होत्या. ह्यांची एकटी बाहेर. दुसरा दिवस गेला. त्या दिवशी आमच्या घरात कालवण झालं नाही, आईने नुसती पेज टाकली आणि तीही कुणी धड खाल्ली नाही. अण्णा टेबलाशी बसून होते पण इस्त्री थंड. एकदाच म्हणाले, "निघायच्या आदल्या सकाळी रेडिओ आणला होता त्याने. बघून दिला मी." मी विचारलं, "सकाळी?" ते म्हणाले, "हो, घाईत होता." त्या सकाळी मी पुण्यात होते. तो रेडिओ कुणीच ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी लाँच आली. डोलकाठी मोडलेली, जाळी गेलेली, आणि एका खलाशाचा हात दोन ठिकाणी मोडलेला. पण माणसं सगळी आली. चौथ्या दिवशी चार वाजून गेल्यावर युसूफचाचा आमच्या पडवीत येऊन बसले. बगलेत रेडिओ. आईने चहा दिला, तो त्यांनी संपवला आणि कप खाली ठेवला. मग अण्णांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "मास्तर, सगळ्यांनी बातमी ऐकली. आमच्यात आलीच नाय. रत्नागिरी सुटली तसा हा मुका झाला."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी रेडिओ टेबलावर घेतला आणि लावला. रत्नागिरी केंद्र दणकून लागलं, पडवीभर भजन. "हा बघा, वाजतोय की," असं म्हणत त्यांनी काटा फिरवला, दोन स्टेशनांच्या मधे आणला आणि डोळे मिटले. त्या रेडिओत काही नव्हतं. आई आत नारळ खवत होती त्याची खरखर मला ऐकू येत होती, रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू येत होती, रेडिओ मात्र दगड. अण्णा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "सूं पण आहे."

युसूफचाचांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बॅटरी उतरली असेल, वाईच बघते मी." ते हळूच म्हणाले, "बाय, आता नको. माझ्या माणसाचा हात मोडलाय."

मग मी ते केलं. अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. मी हात पुढे करून रेडिओचं बटण बंद केलं आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारलं, "अण्णा, आता?"

"आहे की. छान बारीक सूं आहे."

"डोळे उघडा."

त्यांनी उघडले. बटणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग रेडिओ उलटा केला, मागची झडप काढून एकेक सेल बाहेर घेतला आणि टेबलावर ओळीने लावला. रिकामा रेडिओ कानाला लावून बसले. शेवटी रेडिओ खाली ठेवून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे हे माझ्यातच आहे."

त्यांच्या कानातच ती सूं वाजत होती. रात्रंदिवस, कधीपासून कोण जाणे. कान जाताना असा आवाज मागे ठेवून जातात म्हणे, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. प्रत्येक मेलेला रेडिओ त्यांना जिवंत लागत होता. आयुष्यभर ज्या एका आवाजावर त्यांनी विश्वास ठेवला होता तोच त्यांना फसवत होता, आणि दुसऱ्या कुठल्याही कामातल्या माणसाची अशी फसगत झाली नसती.

युसूफचाचा म्हणाले, "मास्तर, आमाला म्हाईत होतं. म्हणून तर चारनंतर यायचो. पोरगी असते. ह्या खेपेला मलाच घाई झाली, सकाळचा आलो, पोरगी गावात हाय का तेपण नाय बघितलं. तुमची एकट्याची चूक नाय ही."

"सगळ्या बंदराला माहीत आहे?"

"सगळ्या."

"आणि हिला?"

दोन वर्षं अख्खा मिरकरवाडा त्यांचा मान राखायला म्हणून घड्याळ बघून येत होता, आणि मला वाटत होतं मी एकटीच काय ती हुशार. अण्णांनी पेचकस माझ्या हातात दिला. "कॉइल बघ," म्हणाले. केसाएवढी तार मिठाने हिरवी पडून तुटली होती. मी ती साफ केली, डाग दिला, सेल घातले, काटा मधे आणला. आली, असं त्यांच्या कानाशी सांगितलं. त्यांनी रेडिओ पुसला, युसूफचाचांना दिला आणि जखमी खलाशाला बघायला त्यांच्याबरोबरच गेले.

पुढच्या आठवड्यात पुण्याचं पत्र आलं. नोकरी लागली होती. मी पत्र कॉइलींच्या खणात टाकलं आणि आईला सांगून मोकळी झाले, मी जात नाही. मी दोन दिवस नव्हते तर एवढं झालं, कायमची गेले तर काय होईल? टेबल बंद करावं तर अण्णा जगतील कशावर, म्हणजे भाकरी नव्हे, सकाळी उठून बसतील कशासमोर? हे सगळं खरं होतं. पण आणखी एक खरं होतं, ते मी आईलाही सांगितलं नाही: राहायला कारण मिळालं म्हणून मला आतून बरं वाटत होतं. आईने ते पत्र खणातून काढून अण्णांच्या पानाशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना अण्णा बंदरावर गेले. ते कधी जात नसत, गर्दीत त्यांना काही कळायचं नाही. काय झालं ते मला युसूफचाचांनी सांगितलं. अण्णा सरळ लिलावाच्या मधे जाऊन उभे राहिले. लिलाव थांबला. ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही. उद्यापासून माझ्याकडे रेडिओ आणू नका. दर्यावर माणसं जातात, हा खेळ नव्हे." कोणीतरी म्हणालं, "असूं दे मास्तर, पोरगी हाय ना." ते त्यांना कळलं नाही, युसूफचाचांनी हाताने खूण करून समजावलं. तेव्हा म्हणाले, "पोरगी पुण्याला जाते. तिला नोकरी लागली. तिच्याकडे पण आणू नका." मग म्हणे बंदरावरच्या बायकांनी त्यांच्या पिशवीत इतकी मासळी घातली की त्यांना ती उचलवेना.

मी घरात वाट बघत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मी सुटले. एरवी कुणाशी असं बोलले असते तर भांडण वाटलं असतं, पण त्यांच्याशी साधं बोलायलाही ओरडावंच लागायचं. "मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग मला ऐकू न आल्याचं सोंग करावं लागलं असतं. सोंगं पुष्कळ झाली ह्या घरात."

मला रडू आलं. मी म्हटलं, "पण मला येतं हे काम, अण्णा. चांगलं येतं."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "येतं," म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं येतं. म्हणून तर मला वाईट वाटतंय. पण गो, चांगलं येतं तेवढ्यावर आता कोणी विचारत नाही. ज्याला विचारतात ते तुला दुसरं येतं. ते कर."

दुसऱ्या दिवशी चार वाजले, पडवीत कोणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने मी एसटीत बसले. त्यानंतर अण्णांनी इस्त्री हातात धरली नाही. ते अठरा वर्षं जगले, बाग केली, आईला पापड लाटायला मदत केली, कानाला लावायचं यंत्र मी आणून दिलं ते दोन दिवस वापरून परत डबीत ठेवलं. माझं बरं चाललं. पुण्यात घर झालं, लेकीचं शिक्षण झालं, माणसं हाताखाली आली. प्रोग्रामने मला सगळं दिलं आणि मी त्याच्याशी इमानाने वागले. पण ज्याला जीव लागणं म्हणतात तो माझा कधी लागला नाही. तो पडवीतल्या टेबलाशी लागला होता आणि तिथेच राहिला. हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही. मला जाता यावं म्हणून ज्या माणसाने स्वतःचं बहिरेपण भर लिलावात चव्हाट्यावर मांडलं, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दर मे महिन्यात मी घरी गेले की पहिल्या संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारायचे, "आवडतं ना गो काम?" मी मान हलवायचे. त्यांना नीट दिसावी म्हणून जरा मोठीच.